डेलियाची कसोटी उन्हाळ्यात

दिवाळी सरून नागपुरास थंडीची चाहूल लागली, म्हणजे सक्करदऱ्याच्या गल्ल्यांतून रोपांच्या हातगाड्या फिरू लागतात. शेवंती, झेंडू, पिटुनिया यांच्या जोडीने त्यांवर डेलियाही असतो. कळी धरलेले झाड गृहिणी पसंत करते, ते कुंडीत लावले जाते, जानेवारीत ताटलीएवढे फूल दाराशी उमलते आणि येणारा-जाणारा क्षणभर थांबून ते पाहतो. मार्चमध्ये पाने पिवळी पडतात. झाड मेले असे समजून कुंडी पालथी केली जाते आणि मातीबरोबर कंदही कचऱ्याच्या गाडीत जातात. पुढील नोव्हेंबरात तेच झाड पुन्हा विकत घेतले जाते.

या रीतीने वर्षानुवर्षे डेलिया लावणारी घरे सक्करदऱ्यात पुष्कळ असतील. परंतु डेलिया जोपासणारी घरे त्यांतील थोडीच म्हणावी लागतील. कारण डेलिया हे हंगामी फुलझाड नव्हे. ती कंदावर जगणारी बहुवर्षायू वनस्पती आहे आणि नागपूरच्या हवेत तिला फूल आणणे हे काम मुळीच अवघड नाही. थंडी ते काम आपण होऊन करते. अवघड आहे ते मार्चपासून सप्टेंबरपर्यंत कंद जिवंत ठेवणे. ज्याला हे साधले नाही, त्याने फूल पाहिले खरे. पण झाड त्याच्या हाती आले नाही.

डेलियाच्या मूळ स्थानाकडे पाहिले म्हणजे ही अडचण नीट उमगते. मेक्सिको देशातील उंच पठारे ही त्याची जन्मभूमी. तेथून १७८९ मध्ये त्याचे बी स्पेनमधील माद्रिदच्या वनस्पतिउद्यानात पोहोचले आणि १७९१ मध्ये कॅव्हानिलेस या वनस्पतिशास्त्रज्ञाने, लिनियसचा शिष्य असलेल्या डाल या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या नावावरून, त्याला डेलिया हे नाव दिले. बटाट्यासारखे खाण्याचे पीक म्हणून युरोपात त्याचे कंद प्रथम चाखून पाहण्यात आले; ती चव कोणास रुचली नाही, म्हणून बिचाऱ्याला फुलबागेत जागा मिळाली. मेक्सिकोने १९६३ मध्ये त्याला आपले राष्ट्रीय फूल ठरविले.

आता गंमत अशी, की मेक्सिको शहर आणि नागपूर ही दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात; एक १९ अंशांवर, दुसरे २१ अंशांवर. दिवस-रात्रीचा लहानमोठेपणा दोन्हीकडे बहुतेक सारखाच. फरक आहे तो उंचीचा. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच, तर नागपूर जेमतेम ३१० मीटर. त्यामुळे तेथील पावसाळा थंड असतो व डेलिया पावसातच वाढून त्याच्या उत्तरार्धात फुलतो. येथील पावसाळा उबदार व दमट असतो. माती ओली आणि हवा गरम असे दोन शत्रू एकदम जमले, की कंद कुजतो. त्याच्याही आधी नवतपा येतो. पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतो आणि त्या झळीत कंदातील पाणी उडून जाऊन तो वाळलेल्या मुळ्यासारखा सुरकुततो. तात्पर्य, नागपूरच्या डेलियाला आधी वाळण्यापासून आणि मग कुजण्यापासून वाचवावे लागते. हे दोन्ही उपाय परस्परविरुद्ध आहेत, म्हणूनच बहुतेकांचा धीर सुटतो.

सक्करदऱ्यातील मातीचा विचार येथे प्रथम केला पाहिजे. हा भाग भोसल्यांच्या काळात शहराबाहेरचा होता. तेथे तलाव होता, आणि भोसल्यांच्या नामांकित बागांत सक्करदऱ्याची बागही गणली जाई. तलाव अद्याप आहे. भोवताली मात्र दाट वस्ती झाली असून चौकावरून उड्डाणपूल गेला आहे. जुन्या बागेच्या नावावर विसंबून येथील माती फुलझाडांस उत्तम असेल असे मानणे धोक्याचे आहे. नागपूर भागातील शेतकरी ज्या जमिनीस कन्हार म्हणतात, ती खोल काळी जमीन कपाशीस व गव्हास मोलाची. डेलियास ती वैरीण. पाण्याने ती फुगते, आठवडाभर ओल सोडत नाही, आणि वाळली म्हणजे भेगाळून कोवळी मुळे तोडते. घरांच्या आवारात तर याहून वाईट स्थिती असते. बांधकामाच्या वेळी पडलेला विटा-चुन्याचा मलबा वरून चार बोटे माती पसरून झाकलेला असतो. आधीच चुनखडीयुक्त असलेल्या काळ्या मातीत हा चुना मिसळला, की डेलियाची कोवळी पाने शिरा तेवढ्या हिरव्या राहून पिवळी पडतात. गृहिणी मग खताची पुडी आणते. दोष मातीचा असतो व उपचार खताचा होतो.

मातीची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. सायंकाळी वीतभर रुंद व दीड वीत खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. सकाळी त्यात पाणी उभे दिसले, तर त्या जागी डेलिया लावू नये. अशा घरी विटांच्या दोन-तीन थरांनी उचललेला वाफा किंवा २५ ते ३० सेंटिमीटर तोंडाची मातीची कुंडी हाच मार्ग होय. शेताची हलकी मोरंड माती किंवा पोयटा दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग आणि जाड वाळू एक भाग असे मिश्रण पुरेसे होते. वाळू कन्हान नदीची चालते. बांधकामावरून आणलेली असल्यास तीत सिमेंट मिसळलेले नाही एवढे पाहावे. कुंडीच्या तळाचे छिद्र खापरीने झाकावे, बुजवू नये. ही सूचना क्षुल्लक वाटते, परंतु मेलेल्या डेलियांच्या कुंड्या उलट्या करून पाहिल्या तर अनेकांचे छिद्र मातीने लिंपलेले सापडेल.

कंद ओळखण्यातही मोठी चूक होते. बटाटा लावणाऱ्या शेतकऱ्यास डोळ्यांची माहिती असते. बटाट्याच्या अंगभर डोळे असतात व त्याचे तुकडे केले तरी डोळा असलेला प्रत्येक तुकडा उगवतो. डेलियाचे तसे नाही. त्याचे कंद म्हणजे जाड झालेली मुळे. त्यांच्या अंगावर डोळा मुळीच नसतो. जुन्या खोडाचा बुंधा आणि कंद यांना जोडणारी जी मान असते, तिच्या वरच्या टोकाशी, बुंध्याला लागूनच, काय ते डोळे असतात. मान मोडली किंवा बुंध्याचा भाग सोबत आला नाही, तर कंद कितीही पुष्ट असो, तो महिनोन्महिने मातीत तसाच राहील व अखेर सडेल. अंकुर म्हणून फुटणार नाही. कित्येकदा शेजारीण प्रेमाने दोन टपोरे कंद तोडून देते आणि घेणारी ते देवघरातल्या वस्तूसारखे जपते. पण मान तुटलेली असल्यामुळे दोघींचीही निराशा होते. देणाऱ्याने कंद तोडून न देता बुंध्याची सुरीने उभी फाळणी करून द्यावी, म्हणजे प्रत्येक फाळीबरोबर डोळा जाईल.

आता मुख्य गोष्टीकडे वळले पाहिजे. फुलांचा बहर ओसरून फेब्रुवारीच्या अखेरीस पाने पिवळी पडू लागली, की पाणी हळूहळू तोडावे. या दिवसांत झाड मरत नसून पानांतील अन्न कंदात उतरवीत असते. हिरवे झाड उपटणाऱ्याचे कंद म्हणूनच पोचट राहतात. दहा-पंधरा दिवसांनी खोड जमिनीपासून वीतभर ठेवून कापावे. डेलियाचे खोड पोकळ असते व त्या नळीत पाणी साचून बुंध्याला सड लागते, म्हणून उकरलेला गड्डा थोडा वेळ उलटा टांगून नळी रिकामी होऊ द्यावी. त्यानंतर दोन-तीन दिवस सावलीत सुकवावे. उन्हात घालू नये. मार्चच्या नागपुरी उन्हात एक दुपारही कंदाला पुरे होते. खुरप्याने जखम झालेले कंद वेगळे काढून टाकावेत आणि उरलेल्यांवर गंधकाची भुकटी, ती नसल्यास चुलीची चाळलेली राख भुरभुरावी.

साठवणीसाठी जुना माठ उत्तम. त्यात कोरड्या वाळूचा थर, त्यावर कंद, पुन्हा वाळू, असे भरून तोंडाला फडके बांधावे. प्लॅस्टिकची पिशवी अथवा घट्ट झाकणाचा डबा वापरू नये, कारण आत घाम धरतो. माठ कोठे ठेवावा, हा खरा प्रश्न आहे. वरच्या मजल्यावरील खोल्या स्लॅबमुळे रात्रीही तापलेल्या असतात. तेथे ठेवलेला कंद नवतप्यापर्यंत टिकणे कठीण. तळमजल्यावरील आतली खोली, जिन्याखालचा कोपरा किंवा पलंगाखालची फरशी ही घरातील थंड ठिकाणे होत. कूलरच्या तोंडाशी मात्र माठ ठेवू नये. त्या ओल्या वाऱ्याने वाळू दमट होते आणि मे महिन्यातच बुरशी धरते. दर पंधरा दिवसांनी हात घालून पाहावे. कंद सुरकुतला असल्यास वाळूवर पाण्याचे थोडे शिंतोडे द्यावेत. मऊ, वास येणारा कंद लागला तर तो लगेच दूर करावा. एवढ्याने सारेच कंद वाचतील असे आश्वासन देणे खोटेपणाचे होईल. काही जातातच. पहिल्या वर्षी निम्मे वाचले तरी घराने समाधान मानावे. हाताला अंदाज आला, की पुढे नुकसान कमी होते.

ज्यांना एवढाही खटाटोप नको, त्यांनी खोड कापून कुंडी तशीच आडवी करून सावलीत ठेवावी. हा आळशाचा उपाय म्हणून हसण्याजोगा नाही. लहान कंदांना तो कित्येकदा माठापेक्षा अधिक मानवतो, कारण मुळांना धक्का बसत नाही. अट एकच, की मृग लागल्यानंतर त्या कुंडीवर पावसाचा थेंबही पडू नये.

पोळ्याच्या सुमारास पुढचे काम सुरू होते. वळचणीखाली किंवा पडवीत, जेथे उजेड आहे पण पाऊस नाही अशा जागी, वाळू व पालापाचोळ्याच्या खताच्या पसरट वाफ्यात गड्डे असे बसवावेत की बुंधा उघडा राहील. बेताची ओल दिली म्हणजे दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. कोंब सात-आठ सेंटिमीटरचे झाले, की ते पेराच्या सांध्याखाली कापून वाळूत टोचावेत. पंधरा ते वीस दिवसांत त्यांना मुळे येतात आणि कोजागरीच्या आसपास रोपे कुंडीत जाण्यास सिद्ध होतात. टोचताना निदान एक सांधा वाळूच्या आत गेला पाहिजे. अन्यथा त्या रोपास फूल येईल, कंदही येतील, परंतु कंदांना डोळा नसेल आणि पुढच्या वर्षी वंश खुंटेल. कोंब खुडल्यावर गड्ड्याला पुन्हा कोंब येतात, त्यामुळे एका चांगल्या गड्ड्यापासून अनेक रोपे मिळतात. ती मूळ झाडाशी रंगाने व आकाराने तंतोतंत जुळतात. बियाण्याच्या रोपांचे तसे होत नाही. डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असल्यामुळे त्याच्या बियांतून काय निघेल, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. वाफ्यासाठी बुटकी, रंगीबेरंगी झाडे हवी असल्यास बी पेरावे. आवडते फूल राखायचे असल्यास कंद व कोंब यांनाच शरण जावे.

लागवडीनंतरची निगा सर्वज्ञात आहे, तिचा विस्तार नको. लावणीपूर्वीच काठी रोवावी, मागून रोवल्यास ती कंदात घुसते. काठी बांबूची असावी. शेतकऱ्याच्या घरी पऱ्हाट्या सहज मिळतात खऱ्या, परंतु त्यांत गुलाबी बोंडअळीचा मुक्काम राहू शकतो. पऱ्हाटी हंगामानंतर शेतातून व आवारातून नाहीशी व्हावी म्हणून जेथे एवढा प्रचार चालतो, तेथे ती फुलझाडाच्या मिषाने घरी ठेवणे शोभत नाही. चार जोड पाने झाल्यावर शेंडा खुडावा. मोठे फूल हवे असेल तर प्रत्येक फांदीच्या टोकाशी येणाऱ्या तीन कळ्यांपैकी मधली ठेवून बाजूच्या दोन काढाव्यात. युरियाचा मोह टाळावा; त्याने पाने माजतात, खोड लवते आणि कंद भरत नाहीत. पानांवर पिवळसर-हिरवी नक्षी उमटून झाड खुजे राहिल्यास तो विषाणूचा रोग समजावा. मावा तो पसरवितो व कंदातून तो पुढील वर्षीही येतो. असे झाड कितीही आवडीचे असो, कंदासकट नष्ट करावे. वांगी-टोमॅटोच्या जुन्या वाफ्यात डेलिया लावू नये, कारण मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तेथे वाट पाहत असतात.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो अगदीच फोल नाही. झाडाची किंमत ती काय; सहा महिने माठ सांभाळण्यापेक्षा दरसाल नवे आणणे काय वाईट? एका कुंडीपुरते हे म्हणणे मान्य करता येईल. परंतु फुलासह विकल्या जाणाऱ्या झाडाचे खरे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. लहान पिशवीत, खतावर वाढवून, लवकर कळी आणलेले ते झाड असते. दिवस लहान होऊ लागले, की डेलिया कंद भरू लागतो. पण पिशवीत त्याच्या मुळांना पसरण्यास जागाच नसते. डिसेंबरात घेतलेल्या अशा झाडाला मार्चमध्ये बोटाएवढे दोन कंद आले तर नशीब. म्हणजे विकत घेणाऱ्यास दरवर्षी फूल मिळते आणि झाड कधीच मिळत नाही. शिवाय गाडीवर जे येईल तेच घ्यावे लागते. एखाद्या घरी आजीने लावलेला गर्द जांभळा डेलिया एकदा गेला, की तोच पुन्हा गाडीवर येईल याची शाश्वती कोणी द्यावी?

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांपैकी अनेकांना हा विषयच शहरातील हौशी लोकांचा वाटतो. कापूस, तूर, संत्रा यांच्या अडचणी पुढे असता फुलाच्या कंदाची चर्चा कोणी करावी, असा त्यांचा भाव असतो. तो समजण्यासारखा आहे, परंतु बरोबर नाही. गावातील ज्या बाईच्या सांदवाडीत हळद, आले, अळू नांदतात, तिला कंद राखण्याचे शास्त्र निम्मे अवगत असतेच. तिच्याशी बियाण्याच्या निवडीविषयी, साठवणीतील बुरशीविषयी, रोगट झाड काढून टाकण्याविषयी बोलण्यास डेलियाइतका सोपा धडा मिळणे कठीण, कारण येथे चुकीची किंमत एका फुलाएवढीच असते. धान्याच्या कोठारात हीच चूक झाली तर ती घराला भोवते.

मात्र उत्साहाच्या भरात शेतकऱ्यास भलता सल्ला दिला जाऊ नये. दसरा-दिवाळीस विकला जाणारा झेंडू काढून तेथे डेलिया लावा, असे कोणी सांगत असेल तर ते ऐकू नये. डेलियाचे फूल हारात टिकत नाही, प्रवासात पाकळ्या गाळते आणि सीताबर्डीच्या फूलबाजारात झेंडू-शेवंतीची जागा घेण्याची त्याची योग्यता नाही. उमरेड रस्त्याच्या बाजूस ज्यांच्याकडे विहीर व थोडी हलकी जमीन आहे, अशा एखाद-दुसऱ्या शेतकऱ्याने मुळे फुटलेली रोपे तयार करून ऑक्टोबरात शहरात विकणे एवढेच शक्य आहे. तेही आधी गिऱ्हाईक ठरवून. महाराजबागेलगतच्या कृषी महाविद्यालयास १९०६ पासूनची परंपरा आहे. तेथे जाऊन कोंब टोचण्याचे काम एकदा समजून घेतले, तर अशा शेतकऱ्याचा पहिला हंगाम वाया जाणार नाही.

परसबागेच्या उपक्रमांत रोपे वाटण्याचा दिवस साजरा होतो, छायाचित्र निघते आणि आकडा वर कळविला जातो. डेलियाच्या बाबतीत हा आकडा निरर्थक आहे. जानेवारीत प्रत्येक कुंडी फुललेली असते, म्हणून त्या महिन्यात दिलेली भेट काहीच शिकवीत नाही. कार्यकर्त्याने भेट द्यायची ती दोनदा: एकदा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, गड्डे उकरण्याच्या वेळी, आणि दुसऱ्यांदा पोळ्याच्या आगेमागे, माठाचे फडके सोडण्याच्या वेळी. त्या दुसऱ्या भेटीत किती कंदांना डोळे जिवंत आहेत ते मोजून वहीत लिहावे. वाटलेल्या शंभर झाडांपेक्षा तेथील दहा गड्डे अधिक बोलके ठरतील.

आणि एक काम फुले असतानाच उरकावे लागते. वाळलेले गड्डे सगळे सारखेच दिसतात; पांढरा कोणता व तांबडा कोणता, हे ऑगस्टमध्ये देवालाही सांगता येणार नाही. कागदाच्या चिठ्ठ्या कुजतात, शाई उडते. पातळ पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने रंगाचे नाव कोरून ती जानेवारीतच, फूल झाडावर असताना, खोडाच्या बुंध्याशी तारेने सैल बांधावी आणि गड्ड्याबरोबर माठात जाऊ द्यावी.